सरदाराचा गड, आमच्या बाल्कनीत

इथल्या त्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी आम्ही एदोगावा या जपानी उपनगरात राहायला आलो. इथे दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे माती दुकानातून विकत आणायची, आणि नंतर ती टाकायची कुठे म्हणून डोकं धरून बसायचं, कारण कचऱ्यात माती घेतच नाहीत. पण मुलीला किल्ला दाखवायचाच, हा माझा हट्ट.

त्या वर्षी मी जरा जास्तच उत्साह दाखवला. माझ्या लॅबमधली मैत्रीण चीनच्या डोंगराळ भागातली, एका छोट्या जमातीतली. बादशाही काळात त्या मुलखाचा कारभार त्यांच्याच जमातीचे सरदार पिढ्यान्‌पिढ्या बघायचे. तिच्या गावचा सरदाराचा गड नुकताच वारसास्थळ म्हणून जाहीर झाला होता. लॅबमध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं, तेव्हा ती नुसतीच हसली. मला वाटलं, लाजतेय. मी नेटवर फोटो शोधले आणि तिला फराळाला बोलावून चकित करायचं ठरवलं. तोच गड, तशाच पायऱ्या, तशीच दगडी वेस आणि आत फोटोतल्यासारखी मऊशार हिरवळ. त्यासाठी अळीव पेरले होते. काय झकास उगवले होते!

ती आली, बाल्कनीत वाकली आणि तिचा चेहराच उतरला. वेशीच्या आतल्या अळिवावर बोट ठेवून म्हणाली, "इथे आमचं घर होतं."

"होतं म्हणजे?"

"सगळं गावच आत होतं. गड नीट दिसावा म्हणून घरं पाडली. आम्हाला खाली नव्या इमारतीत फ्लॅट दिले."

मी चकल्यांची ताटली खाली ठेवली. ज्यांच्या पूर्वजांनी गड राखला, त्यांनाच हाकललं? आणि ती रिकामी जागा मला चक्क सुंदर वाटली होती! राग नेमका कुणावर काढावा, तेच कळेना.

"आणि तुझे आईबाबा?" मी कसंबसं विचारलं.

तिने फोन पुढे केला. वेशीपाशी एक म्हातारा उभा होता. अंगावर जुन्या काळच्या शिपायाचा झगमगीत पोशाख, हातात भाला, खांद्याला खांदा लावून हसणारे पर्यटक.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "तिथेच नोकरी मिळाली, सरदाराच्या पहारेकऱ्याची. संध्याकाळी वेस बंद करताना पर्यटकांबरोबर त्यांनाही बाहेर काढतात."