घड्याळ दाखवणारं बोट

पुसदच्या बुद्धिबळ स्पर्धेत एक मिशीवाले गृहस्थ दरवर्षी माझ्या बाबांकडून हरायचे. चाल खेळली की ते मिशीला पीळ भरत बसायचे आणि घड्याळाचं बटण दाबायला विसरायचे, त्यामुळे त्यांचाच वेळ पळत राहायचा. मग बाबाच बोटानं घड्याळ दाखवायचे.

यंदा बाबा नाहीत, म्हणून मी नाव दिलं. समोर नेमके तेच आले.

"तुह्या बाबाले एकदा तरी हरवाचं होतं मले. आता तुह्यावरच भागवतो, बाबू!"

डाव त्यांनी जिंकतच आणला होता. पण चाल खेळून त्यांचा हात पुन्हा मिशीकडे गेला, बटण राहिलंच. त्यांची शेवटची सेकंदं पळत होती. माझं बोट आपोआप घड्याळाकडे गेलं.

ते बोटाकडेच पाहत राहिले. "राहू दे," हळूच म्हणाले, "या बोटासमोर मी कधी जिंकलोच नाही."

त्यांचा वेळ संपला. याही वर्षी ते बाबांकडूनच हरले, आणि मिशी पिळत उठले.