कॉन्झर्व्हेटरीतला घेवडा

बर्मिंगहॅमला आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. ऐंशीच्या दशकात त्यांनी घरामागे काचेची कॉन्झर्व्हेटरी बांधली आणि गार्डन सेंटरमधून बियांचं महागडं पाकीट आणून तिथे एक वेल चढवला. सप्टेंबरात गणपतीच्या जेवणाला बोलावून आम्हां सगळ्यांना तो मुद्दाम दाखवायला नेलं. जांभळी फुलं, जांभळ्या चकचकीत शेंगा. बघताक्षणी मी म्हटलं, "अहो, हा तर आपला घेवडा!"

"ऑर्नामेंटल आहे तो," बाई म्हणाल्या, जणू मी त्यांच्या पडद्याला हात पुसले असावेत, असं तोंड करून. जिचं लहानपण साताऱ्यात शेंगांच्या शिरा काढण्यात गेलं, ती ही बाई! पानात मात्र फ्रोझन बीन्सची पाणचट भाजी वाढली. वेलावरच्या शेंगा जून होऊन वाळल्या, तेव्हा त्या फुलदाणीत खोचल्या.

पुढच्या वर्षी उरलेलं पाकीट त्यांनी शेजारच्या गोऱ्या म्हातारीला दिलं. तिने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, 'शेंगा खाता येतात', आणि वेल लावला. मी एकदा बाईंकडे चहाला बसले असताना ती बाऊल घेऊन आली. उकडलेल्या शेंगा, वर नुसतं बटर आणि मीठ. शिरासुद्धा काढल्या नव्हत्या.

बाईंनी काट्याने एक शेंग तोंडात घातली, डोळे मिटले, दातात अडकलेली शीर नॅपकिनआड ओढून काढली आणि म्हणाल्या, "हाउ एक्झॉटिक! कॅन आय हॅव द रेसिपी?"