पाठीवर पाच लिटर

हमीदभाई रोज सकाळी पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन फिरायला जायचे आणि त्यातला एक थेंबही न पिता ते परत आणायचे. आले की गल्लीच्या टोकाला असलेल्या कडुनिंबाला ओतायचे. बजाजनगरातल्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत हा प्रकार सुरू झाला तेव्हा लोकांना वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाचं काहीतरी बिघडलं असावं. मला तसं वाटलं नाही. मला नुसता राग आला. या माणसाने आता हे काय नवीन काढलं, आणि ते आपल्याला का सुचलं नाही, या दोन गोष्टी माझ्या मनात एकदमच यायच्या. तीस वर्षं येत होत्या.

शेवटी मी विचारलंच, "हमीदभाई, पाणी कशाला?"

"वजनाची सवय नको का? वाळवंटात जायचंय, सोनवणेभाऊ. तिथं नळ नाय."

आम्ही दोघे वाळूजच्या एकाच कंपनीत. मी स्टोअरमध्ये, ते टूलरूममध्ये फिटर. मी खुर्चीवर बसणारा, माझा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहायचा, तरी मान त्यांना. निरोपाच्या दिवशी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांचं भाषण झालं. त्यांनाही तेच मिळालं. पण त्यांना सोडायला अख्खी टूलरूम गेटपर्यंत चालत आली आणि त्यांचा जेवणाचा डबा एका ऑपरेटरने हातात धरला होता. माझा डबा मीच घरी आणला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण विसरलोही नव्हतो.

वाळवंटाचं खूळ नसरीनमुळे आलं. नसरीन म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, बापाने एकट्याने वाढवली, शिकवली. आता ती अमेरिकेत ॲरिझोनाला नोकरी करते. तिने एकदा एका दरीचा फोटो पाठवला. तांबड्या खडकाची खोल, अरुंद दरी, वर आभाळाची चिंचोळी पट्टी आणि खाली उभा माणूस ओळखू येणार नाही एवढासा. "अब्बू, इथं आपण चालत जायचं," असं तिने म्हटलं आणि त्या दिवसापासून हमीदभाईंसाठी ती 'आपली दरी' झाली. तिचं इंग्रजी नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

माझाही मुलगा अमेरिकेतच आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. मी आणि सुमन त्याच्याकडे सहा महिने राहून आलो. दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर आहे. संदीप चांगला आहे, रविवारी न चुकता फोन करतो, फक्त बोलताना त्याचा टाइप केल्याचा आवाज येत राहतो. नसरीनचा फोन रोज यायचा. हमीदभाई मोबाईल शर्टच्या खिशात असा ठेवायचे की कॅमेरा बाहेर बघेल, आणि लेक तिकडे संध्याकाळचा स्वयंपाक करता करता आमचा रस्ता, म्हशी, कंपनीच्या बसेस बघायची. सुमन माझ्या वर्मावर बोट ठेवण्यात पटाईत. ती म्हणाली, "हमीदभाऊंची लेक त्यांना दरी दाखवणार. आपल्या संदीपनं आपल्याला काय दाखवलं? पार्किंग."

मीही मग त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागलो. आवड म्हणून नाही. ते एकटे पुढे गेलेले मला बघवत नव्हतं.

त्या दरीत मनात आलं म्हणून उतरता येत नाही. दिवसाला मोजकीच माणसं सोडतात. त्यासाठी आधी अर्ज करायचा, मग सरकारी घरांची निघते तशी सोडत निघते. नाव आलं तर ठरल्या मुदतीत कळवायचं, नाहीतर परवाना गेला. ज्याच्या नावावर परवाना निघाला तो माणूस स्वतः हजर हवा, दुसऱ्याला देता येत नाही. पावसाळ्यात दरी बंद, दरड कोसळली की एखादी वाट बंद, ऊन फार वाढलं तरी बंद. हे सगळं हमीदभाई मोबाईलवर भाषांतर करून वाचायचे आणि एका वहीत उतरवायचे. अक्षर टूलरूमच्या ड्रॉइंगवर असतं तसं उभं आणि सुटं. वहीचं पहिलं पान मात्र 'परत' या मथळ्याचं होतं. किती वाजता कुठेही असलो तरी मागे फिरायचं, निम्मं पाणी संपलं की फिरायचं, वर ढग दिसला की फिरायचं. जाण्याचं पान त्यानंतर.

"आधी परत यायचं ठरवा, मंग जायचं," ते म्हणायचे. "लोखंडाचा जॉब कापायच्या आधी माप. कापल्यावर काय मापताय?"

ढगाचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते मूळचे गंगापूर तालुक्यातले. लहानपणी कोरड्या ओढ्यात शेळ्या चारत असताना डोक्यावर कडक ऊन होतं, आणि वरच्या अंगाने पाण्याचा लोंढा आला. दोन शेळ्या डोळ्यांदेखत गेल्या. "इथं ऊन आसतंय भाऊ, पाऊस तिकडं वर झालेला आसतोय. तिथल्या दरीत बी तसंच हाय. लिहिलंय त्यांनी, पण मला कशाला लिहायला पायजे?" अमेरिकेतली माणसं पाट्या लावून जे सांगतात ते या माणसाला गंगापूरच्या ओढ्याने सांगितलेलं होतं. मलाही एक ओढा असता तर, असं माझ्या मनात आलं. इतक्या थराला मी गेलो होतो.

सरावाला आम्ही तीसगावच्या डोंगरावर जायचो. मुरमाड चढण, झाडं विरळ, मार्चपासूनच पाय भाजतात. एकदा निम्म्या चढावर असताना नसरीनचा फोन आला. बापलेक कशावरून तरी हसत सुटले. ते हसणं माझ्या कानात उकळतं पाणी ओतल्यासारखं गेलं. मी एका दगडावर बसलो आणि म्हणालो, "मला चक्कर येते. उंची सोसत नाही. तुम्ही व्हा पुढं." खोटं होतं. मला काही होत नव्हतं.

हमीदभाईंनी फोन बंद केला. पाठीवरची पिशवी उतरवून माझ्याशेजारी बसले.

"नगं वाटलं तर नगं. नगं म्हणणाऱ्याला वर ओढायचं नाय, आन् खाली ढकलायचं बी नाय. दरी कुटं पळून जात नाय."

"अहो, तुम्ही तरी जा."

"आपण दोघं आलोत ना? मंग?"

आम्ही तसेच उतरलो. उतारावर त्यांनी माझा हात धरला, त्यामुळे मला आणखीच राग आला.

त्यांचं नाव पहिल्या दोन सोडतींत निघालं नाही. तिसऱ्या वेळी ते कागद घेऊन माझ्या व्हरांड्यात आले. "माझा व्हिसा आलाय, तुमच्याकडं बी हाय. तुमचं बी नाव टाकू. दोन अर्ज म्हंजे दोनदा नशीब. कुणाचं बी निघू दे, तुम्ही, मी आन् नसरीन, तिघं जाऊ." फॉर्म त्यांनीच भरला. मी पासपोर्ट पुढे केला आणि पेपर वाचत बसलो. मधे त्यांनी काहीतरी विचारलं, मी वर न बघता "टाका तुम्हाला काय टाकायचं ते" म्हणालो.

आणि माझं नाव निघालं.

सकाळी चहा घेताना ईमेल दिसला. अभिनंदन, तिघांचा गट, परवाना माझ्या नावावर, पंधरा दिवसांत होकार कळवा. तीन वेळा वाचला. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या पुढे होतो. मग सगळं डोळ्यांसमोर आलं. परवाना माझा, पण विमानतळावर घ्यायला येणार त्यांची मुलगी. दरीत पुढे चालणार ते. नसरीन "अब्बू, सांभाळून" म्हणणार, आणि मी मागून कुणाचा तरी पाहुणा म्हणून चालणार. शेजारच्या राज्यात माझा मुलगा असेल आणि त्याला सुट्टी नसेल. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

थोड्या वेळाने हमीदभाई आले. त्या दिवशी त्यांनी नवे बूट घातले होते. खुर्ची ओढून बसले.

"काय सोनवणेभाऊ, आलं का काही?"

"नाही," मी म्हणालो.

सुमनने आणलेला चहा त्यांनी हातात घेतला. तो संपवला. "बरं," म्हणाले आणि उठले.

पंधरा दिवस मी तो ईमेल रोज उघडला आणि रोज बंद केला. होकार द्यायला एकच बटण होतं. सोळाव्या दिवशी दुसरा ईमेल आला, परवाना रद्द झाल्याचा. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लगेच लाजही वाटली. पण लाज बरं वाटण्याएवढी मोठी नव्हती.

हमीदभाईंनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच झालं की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याही पाठीवर दोन लिटर पाणी चढवलं. मग तीन. तीसगावच्या डोंगरावर मी जिथे बसलो होतो त्या दगडापाशी ते रोज मुद्दाम थांबायचे. एक दिवस दहा पावलं वर, मग वीस. "खाली बघू नगा, माझ्या टाचांकडं बघा." मला वाटायचं हा माणूस मला खिजवतोय. मी घरी येऊन सुमनजवळ चिडचिड करायचो. चार महिन्यांनी मी डोंगराच्या माथ्यावर उभा होतो, खाली वाळूजची सगळी पत्र्याची छपरं दिसत होती, आणि हमीदभाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की जणू मी काही जिंकलो होतो.

"जमलं की भाऊ! पुढच्या टायमाला नाव निघू द्या फक्त."

पुढची वेळ आली नाही. हिवाळ्यात एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. जनाज्याला टूलरूममधली माणसं आली, शेंद्र्याच्या कंपन्यांमध्ये गेलेली पोरंसुद्धा आली. खांदा द्यायला माझा नंबर फार उशिरा लागला. तिथेही मी मोजत होतो, किती माणसं आहेत आणि माझ्या वेळी किती येतील.

नसरीनला पोचायला दोन दिवस लागले. परत जायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली. हातात वही होती आणि खांद्यावर ती पाण्याची पिशवी. तिने एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तारीख ईमेलच्या दिवसाची होती. खाली ती उभी, सुटी अक्षरं.

'आज सोनवणेभाऊंचं नाव निघालं. माझ्या फोनवर बी आलं, त्यांच्या अर्जात दुसरा ईमेल माझा टाकला होता. ते मला नाही म्हणाले. उंचीची भीती वाटते, सांगायला लाजतात. विचारायचं नाही, वाईट वाटंल. चार महिने डोंगरावर चालवायचं. मग परत अर्ज.'

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे नवे बूट त्यासाठी होते. त्यांना माहीत होतं, आणि ते माझ्या तोंडून ऐकायला आले होते.

"काका," नसरीन म्हणाली, "अब्बूंना मी लई विचारलं, परवाना का सोडलात म्हणून. ते म्हणाले, भाऊंची तयारी झाली नाय. खरं होतं का ते? तुम्ही घाबरला होतात?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. हमीदभाईंनी माझ्यासाठी तशी सोयच करून ठेवली होती. तीस वर्षं मी त्यांच्यात खोट शोधत होतो, आणि त्या माणसाने माझ्या खोटेपणाचंसुद्धा चांगलं कारण शोधून वहीत लिहून ठेवलं होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला. असं मन कुठून मिळतं माणसाला?

"नाही गं," मी म्हणालो. "भीती नव्हती. मी जळत होतो. तुझ्या अब्बूंवर. तू त्यांना नेणार होतीस म्हणून."

आत सुमन भांडी लावत होती, तो आवाज थांबला. नसरीनचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. मग तिने वही बंद केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली.

"ही मी तुम्हाला द्यायला आणली होती," ती म्हणाली. "आता नाही देत."

मी मान हलवली. ती उठून दारापर्यंत गेली. तिथे थांबली, खांद्यावरची पिशवी काढली आणि उंबऱ्यात ठेवली.

"ही मात्र ठेवा. कडुलिंबाला पाणी कोण घालणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत पाच लिटर भरले. माझी मजल आजवर तीन लिटरचीच होती. तीसगावच्या फाट्यापर्यंत खांदे भरून आले, तरी वाटेत पाण्याला तोंड लावलं नाही. परत येऊन कडुनिंबाला पाणी घालत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातले गृहस्थ पेपर घ्यायला बाहेर आले. पिशवीकडे बघत म्हणाले, "हमीदभाईंची ना?"

"त्यांचीच," मी म्हणालो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, ते मला थोडं लागलं, आणि मी उरलेलं पाणी ओतलं.