बिनमरणाची लढाई

“आधी खाली बस. मग सांग, कशानं लागलं?”

डॉक्टर हे वाक्य रोज म्हणत, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्याला त्यावरून काहीच कळत नसे. आत बसलेल्या माणसाचं बोट पत्र्यानं कापलेलं असायचं, नाहीतर नुकताच विजापूरच्या फौजेनं त्याच्या खांद्यावर दांडपट्टा मारलेला असायचा. डॉक्टर दोघांकडे सारख्याच गांभीर्यानं बघत. फरक एवढाच, की पहिल्याला ते पिवळं मलम लावून चहा पाजत आणि दुसऱ्यासाठी जिवाचं रान करत.

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. नागापूरला तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहत होते. त्यातल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो आणि शेजारच्या खोलीत हे प्रथमोपचार करत. त्याआधी लष्करात होते, जखमींच्या तंबूत. त्यांच्याकडे कात्री, कापूस, मलम आणि दोन रंगांची औषधं होती. कामगारांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात डॉक्टर करून टाकलं. आपल्याकडे पदवी अशीच मिळते आणि ती काढून घ्यायला कुणी येत नाही.

जेवणाचा भोंगा झाला की मलमपट्टीच्या टेबलावर जुनी चादर पसरली जायची. चादरीवर जांभळ्या औषधानं डोंगर काढले होते, लाल औषधानं नद्या. बोल्ट म्हणजे घोडेस्वार, नट म्हणजे पायदळ. आम्ही खेळणारे एकेक सरदार, आपापल्या बोल्टवर. पितळेचे फासे आमच्यातल्याच बन्सी नावाच्या कामगारानं लेथवर कापून दिले होते. फासा टाकण्याआधी आपण कोण, हत्यार कसं धरलंय, पाय कुठं रोवलाय, हे मोठ्यानं सांगावं लागे. ज्यानं घरी बायकोपुढं कधी आवाज चढवला नाही, तो त्या टेबलाशी छाती काढून म्हणायचा, “मी किल्लेदार बोलतोय!” आणि दुसऱ्या हातात भाकरी असायची.

पहिल्या दिवशी प्रत्येकजण तलवारच मागायचा. मीही मागितली होती.

“तलवार सगळ्यांकडेच असते,” डॉक्टर म्हणाले. “मग तुम्ही कोण?”

मग तेच आमच्याकडे टक लावून बघत आणि हत्यार नेमून देत. मला माडू मिळाला. ही हरणाच्या दोन शिंगांची जोडी, मध्ये छोटीशी ढाल. मी कारण विचारलं. “भाऊसाहेब, तुम्ही आधी स्वतःला सांभाळता,” ते म्हणाले. “जमलंच तर मग दुसऱ्याला टोचता.” मला राग आला होता. पण माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की मी पुढं तो विषय काढला नाही.

बन्सी कोल्हारचा. प्रवरेकाठची बागायत, घरचा ऊस, चालण्यात एक ऐट. त्याला पट्टा. पट्टा घातला की कोपरापर्यंत हात लोखंडात जातो, मनगट वाकत नाही. “तुझं तसंही वाकत नाही,” डॉक्टर म्हणाले. सोपान पारनेरकडचा, प्रेसवर कामाला. कोरडवाहू माणूस, तोंडाचा फटकळ, बोलून गेल्यावर पस्तावणारा. त्याला विटा. विटा म्हणजे छोटा भाला. मागं दोर बांधलेला, दोराचं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. “तुझ्या तोंडालाही असाच दोर पाहिजे,” डॉक्टर म्हणाले, आणि सगळी खोली हसली. सोपानही हसला, जरा उशिरा.

ही हत्यारं त्यांनी कुठं पाहिली, हे मी एकदा विचारलं. “पाहिली कुणी?” ते शांतपणे म्हणाले. “जखम डोळ्यांपुढं आणायची. मग हत्यार आपोआप कळतं.” इतिहासाच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर त्यांनाच मलम लावायची वेळ आली असती.

एकदा नवा इंजिनिअर खिडकीवरून जात होता. आत डॉक्टर निकाल देत होते, “गुर्ज छातीवर बसलाय. वरून कातडी शाबूत, आत बरगड्यांचा भुगा.” तो पोरगा घामाघूम होऊन माझ्याकडे आला. गुर्ज नावाचं मशीन कुठल्या विभागात बसवलंय आणि त्याला जाळी का लावली नाही, असं त्यानं मला विचारलं. मी त्याला पाणी दिलं. काट्यांच्या गदेला जाळी लावत नाहीत, हे त्याला समजावता समजावता माझी जेवणाची सुट्टी संपली.

आता खरी गंमत सांगतो. इतकी भयंकर हत्यारं, इतक्या लढाया, आणि त्या टेबलावर कधीही कुणी मेलं नाही.

फासे कसेही पडोत, डॉक्टर म्हणायचे, “जखमी.” मग ते जखमीला टेबलाच्या कोपऱ्यात, कापसाच्या तुकड्यावर ठेवत आणि कुठं टाके घातले, कुठं डाग दिला, हे तपशिलात सांगत. पुढचे काही डाव तो विश्रांती घ्यायचा आणि मग ठणठणीत होऊन परत यायचा. त्यामुळे आमचं युद्ध संपेचना. दोन्ही फौजा पहिल्या दिवशी होत्या तेवढ्याच राहिल्या. जगात एवढं निरुपयोगी युद्ध दुसरं झालं नसेल.

बाकीच्यांना हे चालत होतं. सोपानला चालत नव्हतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सोपानची विहीर तळाला गेली होती, बैल छावणीत होते, बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बन्सीच्या डब्यात रोज घरचा गूळ असायचा. बन्सी वाईट नव्हता, तो गूळ सगळ्यांपुढं करायचा. पण ‘आमच्याकडं कालव्याला पानी हाय ना,’ हे तो इतक्या सहज म्हणायचा, की सोपानचा घास तोंडातच फिरायचा.

एका दुपारी सोपाननं नेम धरून विटा फेकला आणि दोन्ही फासे पुरे, सहा-सहा पडले. बन्सीच्या सरदाराची मान आरपार.

“जखमी,” डॉक्टर म्हणाले.

“जखमी? आवं, मान हाय ती! डोकं तिकडं पडलंय!”

“मी टाके घालतो.”

“कशाला घालता टाके? तसंबी त्याला डोकं हुतंच कुटं?”

आम्ही हसलो. सोपान हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि त्याचा आवाज फाटला. “खऱ्यात तर तो कदी हरायचा न्हाई. हितं तरी हरू द्या की, डॉक्टर! एकदा, एकदाच मेला म्हना. तुमचं काय जातंय?”

बन्सी खाली बघत होता. डॉक्टरांनी बन्सीचा बोल्ट उचलून कापसावर ठेवला.

पुढं सोपान रोज मागत राहिला आणि डॉक्टर रोज नाकारत राहिले. शेवटी मीच त्यांना म्हटलं, खेळच आहे, एक माणूस मारून टाका, कटकट मिटेल. ते पट्ट्या फाडत बसले होते.

“भाऊसाहेब, तंबूत ‘मेला’ म्हणायचं काम माझ्याकडं होतं,” ते म्हणाले. “मी ‘मेला’ म्हटलं, की त्याला बाहेर नेत. एकही उठून परत आला नाही. आता हातात आहे, तर का म्हणू?”

मी चेष्टेखोर माणूस, पण त्या वेळी मीही शेजारी बसून पट्ट्या फाडू लागलो. त्या माणसाबद्दल फार माया वाटली, एवढं मात्र सांगतो.

मग कारखान्यानं शहरातला खराखुरा डॉक्टर ठरवला. तो ठरल्या वारी येणार होता, त्यामुळे मलम लावणाऱ्याची गरज संपली. आमच्या डॉक्टरांना महिनाअखेरीस निरोप मिळाला. माणसं वाचवणाऱ्याच्या जागी पदवीवाला येतो, याला प्रगती म्हणतात, आणि ती झालीही.

शेवटच्या दुपारी चादर पसरली गेली. सोपान आधीच येऊन बसला होता.

“आज न्याय करता का? उद्या तुमी नसनार.”

“करतो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी औषधाच्या बाटलीचं बूच काढलं आणि नदीच्या काठावर ठेवलं. “हा मी. मार.”

आम्ही चमकलो. ते आजवर कधी चादरीवर उतरले नव्हते.

“हत्यार कोनतं?” सोपाननं विचारलं.

“काही नाही. जखमी उचलणाऱ्याकडं हत्यार नसतं.”

“बिनहत्यारी मानसाला मारू व्हय? मला बन्सी पायजेल.”

“मार की मग मला,” बन्सी एकदम म्हणाला. त्यानं आपला बोल्ट उचलून सोपानसमोर ठेवला. “मी कुटं नगं म्हंतोय? डॉक्टर, मरू द्या मला.”

“नाही. मी आहे तोवर खेळणारा कुणी मरणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “सोपान, तुला एक मरण पाहिजे होतं. माझ्याकडं एवढंच आहे. टाक.”

सोपाननं फासे हातात घोळवले. आता माघार घेतली असती तर इतक्या दिवसांचं भांडण फुकट गेलं असतं. त्यानं टाकले. दोन्ही पुरे पडले. सोपानच्या नशिबाला तरी वेळेचं भान कधी होतं?

“दोर हाय माज्या हातात,” तो घाईनं म्हणाला. “मागं वढतो.”

“घुसलेलं ओढू नये,” डॉक्टर म्हणाले. “रक्त जास्त जातं.”

“मग जखमी म्हना! डॉक्टर, जखमी म्हना ना!”

डॉक्टरांनी बोटानं बूच आडवं केलं. “मेला,” ते म्हणाले. शब्द अगदी साधेपणानं आला, पुष्कळदा म्हणून झाल्यासारखा. मग उठून त्यांनी साबणानं हात धुतले, कात्री पुसून ट्रेमध्ये ठेवली, आमच्याकडे बघून हसले आणि पिशवी घेऊन फाटकाकडे चालू लागले. आम्हाला वाटलं, वळून काहीतरी बोलतील. ते मनमाडच्या रस्त्याला लागले आणि पहिल्या एस.टी.त चढले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

नवा डॉक्टर चांगला होता. त्यानं टेबलावर पांढरं मेणकापड घातलं आणि चादर घडी करून माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मी ती काखेत घेऊन बाहेर गेलो. भिंतीच्या सावलीत सोपान आणि बन्सी एकाच डब्यातून जेवत होते. गुळाचा खडा दोघांच्या मध्ये होता. मी चादर पुढं केली.

“पसरू का? फासे आहेत.”

बन्सीनं सोपानकडे बघितलं. सोपाननं घास गिळला.

“नगं, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “लागलं तर जायाचं कुनाकडं?”