भरल्या पोटाचं अस्वल

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, कुणी प्राणिसंग्रहालयाचे रखवालदार म्हटलं की झोंबायचं. "रखवालदार दाराबाहेर असतो. मी आत असतो," म्हणायचे. घरात त्यांच्या तोंडाला कायम कुलूप, पण ठमीचा विषय निघाला की टकळी थांबायची नाही. ठमी म्हणजे त्यांच्या हातावर वाढलेलं, आता म्हातारं झालेलं अस्वल. सासूबाई म्हणायच्या, "ही माझी सवत. केस तेवढे माझ्यापेक्षा दाट."

बाबा कामाला लागले तेव्हा तिथे सगळ्याचा एकेक नमुना असे. एक जिराफ, एक पाणघोडा, एक शहामृग; दुकानातल्या बरण्यांसारखे ओळीने पिंजरे. लोक सुट्टीच्या दिवशी यायचे आणि झाडून सगळं पाहिल्याचं समाधान घेऊन घरी जायचे. जनावर मेलं की साहेब दुसरं मागवायचे. पुढे ते मागवणं थांबलं. कळपात राहणारं जनावर एकटं का ठेवायचं, थंडीतलं उन्हात का कुढवायचं, असा विचार सुरू झाला. पाणघोडा गेला तेव्हा त्याची टाकी बुजवली. पिंजऱ्यांच्या भिंती पाडून तिथे हरणांचा कळप सोडला. जाती घटल्या, जागा वाढली. मला विचाराल तर झालं ते उत्तमच झालं. भिंत चाटत उभा राहणारा तो जिराफ मला अजून आठवावासा वाटत नाही. बाबांना हे पटत नव्हतं असं नाही. पण त्यांच्याकडचा प्रत्येक रिकामा पिंजरा शेवटचा धुतला होता तो त्यांनीच, आणि आता त्यांच्याकडे ठमी तेवढी उरली होती.

मग तिचीही पाळी आली. लांब कुठेतरी झाडीचं मोठं आवार होतं, तिथे आणखी अस्वलं होती. ठमीला तिथे पाठवायचं, असं तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. त्यासाठी तिच्या दाराला लागून प्रवासाचा लोखंडी पिंजरा उभा केला. रोज त्यात मध लावलेला पाव ठेवायचा, भुकेलं जनावर हळूहळू आत जायला शिकतं, आणि एक दिवस दोरी सोडून मागचा दरवाजा खाली पाडायचा. साधी रीत. पण पावाला मुंग्या लागायच्या आणि ठमी पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. "हट्टी आहे हो," बाबा साळसूदपणे सांगायचे.

एकदा बाबा डबा विसरून गेले म्हणून मी सकाळीच पोचवायला गेले. बघते तर काय, मागच्या खिडकीतून स्वारी ठमीला उकडलेली रताळी भरवतेय! टोपलीभर!

"बाबा, हे काय चाललंय?"

दचकले. "काही नाही. थोडा नाश्ता."

"नाश्ता? भरल्या पोटी ती मरायला त्या पिंजऱ्यात जाईल का?"

"म्हातारी झालीय गं. तिथे तिला कोण ओळखणार?"

माझ्या नाकावर राग असतोच. "तिला नाही, तुम्हाला करमणार नाही, असं सांगा की सरळ," मी म्हणाले. ते टोपली खाली ठेवून पायरीवर बसले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. टोपली बघून सगळं समजल्या, पण ओरडल्या नाहीत. "गाडी उद्या येतेय, बाबा," एवढंच म्हणाल्या. "आपणहून गेली नाही तर मला तिला इंजेक्शन देऊन झोपवावं लागेल. या वयात ती परत जागी होईल याची खात्री मी देऊ शकत नाही."

बाबांनी टोपली उचलून माझ्या हातात दिली. "घरी घेऊन जा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. ठमी उपाशी होती, पण नेहमीच्या खिडकीखाली बसून राहिली. पिंजऱ्यातला पाव तिला तिचा वाटतच नव्हता. तिचं जेवण बाबांच्या हातून यायचं. ही सवय त्यांनीच लावली होती. डॉक्टरीणबाईंनी पेटी उघडली, सुई काढली.

"थांबा," बाबा म्हणाले. मधाची वाटी घेऊन ते पिंजऱ्याच्या पलीकडच्या टोकाला, गजांबाहेर जाऊन बसले आणि जिभेने टक् टक् केलं. ठमी उठली. डुलत डुलत पिंजऱ्यात शिरली, थेट शेवटपर्यंत गेली आणि गजांतून जीभ काढून त्यांच्या हातातला चमचा चाटू लागली. दोरी धरलेला माणूस बाबांकडे बघत होता. बाबांनी मान हलवली.

दरवाजा धाडकन पडला. मी दचकले, ठमी नाही. ती चाटतच होती. बाबांनी वाटी खरवडून तिला शेवटचा चमचा दिला. गाडी फाटकाबाहेर गेली तरी ते तिथेच बसून होते.

"चला बाबा, घरी जाऊ."

"निदान चिडायची तरी," ते म्हणाले. "तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही गं."