आधी ओ कोणी दिली?

माझे दाजी म्हणजे दुधाने तोंड भाजलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. गॅस बंद केला तरी परत स्वयंपाकघरात जाऊन बघणार. ताई म्हणते, लग्नाआधी त्यांनी तिचा होकारही तीनदा विचारून घेतला होता.

आम्ही एकाच इस्पितळात कामाला. मी वायरमन, दाजींकडे नेटवर्क. दर मजल्यावर एक पेटी असते, तिच्यावर फोन आणि कॉम्प्युटर चालतात. पूर्वी दाजी प्रत्येक पेटीत सेटिंग हाताने भरायचे. मग नव्या इंजिनीयर बाई आल्या. त्यांच्या पद्धतीत पेटी चालू होताच स्वतःच नेटवर्कवर हाक मारते, माझ्या सेटिंगची फाइल कोणाकडे आहे? आणि बाईंचा सर्व्हर ती पाठवतो. दाजींना हे पटेना. "जो आधी ओ देईल त्याचंच ती ऐकते. उद्या कोणीही ओ देईल."

झालंही तसंच. सोमवारी लहान मुलांच्या वॉर्डातली पेटी बदलली, तर ती भलतीच फाइल घेऊन उठली आणि मजल्यावरचे फोन बंद. दाजींनी तासाभरात साहेबांना लेखी दिलं, की ही बाईंचीच करणी, त्यांना कामावरून काढा. दुपारी बाईंना बोलावणं आलं. त्यांची नोकरी जाणार हे शिपायालाही कळलं होतं. मला दाजींचा भयंकर राग आला.

बाई एवढंच म्हणाल्या, "ती फाइल माझी नाही. उत्तर कुठून आलं, त्याची पेटीत नोंद आहे. वायर धरून जा."

साहेबांनी बाईंना बसवून घेतलं आणि आम्हाला पाठवलं. मी पुढे, दाजी मागे. वायर तळघरात उतरली आणि थेट दाजींच्याच टेबलाखाली गेली. तिथे त्यांचा जुना कॉम्प्युटर घरघरत होता. बाईंचा सर्व्हर बंद पडला तर हाताशी असावा, म्हणून दाजींनी कोणाला न सांगता त्यात तसाच सर्व्हर बसवला होता, जुन्या फाइली घालून. बाईंचा गप्प झाला तरच हा बोलेल, अशी त्यांची समजूत.

खोलीत आम्ही दोघेच होतो. तो कॉम्प्युटर उचलून नेला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. ताईचा विचार मनात आला आणि मी वाकलो. दाजींनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. साहेबांना आणि बाईंना खाली घेऊन ये."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर थांबतो. खोलीला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडे ठेव," दाजी म्हणाले. "माझा काय भरवसा?"