भास्करकाकांची सोय

भास्करकाकांना रागावताच यायचं नाही. त्यांच्या वाटचा राग मलाच यायचा. मिरजेच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. काकू गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, चारुदत्तनं, त्यांना इथे जर्मनीत, येनाला आणलं. काकांच्या हृदयाचे रिपोर्ट घेऊन आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, खेटे घातले आणि त्यांना इथे राहायची परवानगी मिळवली. मुलगा लाखात एक. तीच तर पंचाईत होती.

घरात काकांना काहीही विचारा, जेवायला कधी बसायचं, खिडकी उघडू का, उत्तर ठरलेलं: "तुमच्या सोयीनं." सून ऋचा वैतागायची. नातू विहान जर्मनमध्ये काहीतरी सांगायचा आणि काका नुसते हसायचे.

मी शेजारच्या इमारतीत राहून काचांवर पीएच.डी. करत होते. संध्याकाळी काका माझ्याबरोबर नदीकाठी फिरायला यायचे. बोलायचे ते मिरजेच्या घराबद्दल. मागच्या दारचा कढीपत्ता, बैठकीतला काकूंचा तंबोरा.

"ईश्वरी, मला तिथेच मरायचंय गं."

"मग चारुदत्तला सांगा ना!"

"तो एवढं करतोय. कुठल्या तोंडानं सांगू?"

इथल्या विद्यापीठात म्हाताऱ्या माणसांनाही वर्गात जाऊन बसता येतं. २००६ साली मीच काकांचं नाव घातलं. विषय होता, आजच्या ब्रिटिश कादंबऱ्यांतलं म्हातारपण. काका असे खुलले की विचारू नका.

"यांची म्हातारी माणसं बघ, सरळ भांडतात. वृद्धाश्रमात जाईन पण तुझ्याकडे येणार नाही, असं मुलीला तोंडावर सांगतात. आपला म्हातारा पुस्तकातसुद्धा नुसता खोकतो!"

जुलैमध्ये काकांची बोलायची पाळी आली. चारुदत्त सुट्टी काढून, कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत बसला. काकांनी निवडलेल्या कादंबरीत एक विधुर पोस्टमास्तर होता. त्याची मुलगी त्याला समुद्रकाठच्या घरातून आपल्याकडे घेऊन जाते. काका खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "मुलगी वाईट असती तर हा कधीच निघून गेला असता. ती प्रेमळ आहे, म्हणून अडकलाय." मग त्यांनी म्हाताऱ्याचं एक वाक्य वाचून दाखवलं: मला माझ्या घरी जायचंय. ते त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा पुस्तकात बघितलं नाही.

पोरांनी बाकं ठोकली. इथे वर्गात टाळ्यांऐवजी बाकं ठोकतात.

बाहेर आलो तेव्हा चारुदत्तचे डोळे भरले होते. मला वाटलं, कळलं याला, सुटले काका!

"बाबा, काय बोललात! आई असायला हवी होती," तो म्हणाला. मग डोळे पुसून, "बरं, मिरजेहून शरदचंद्रमामांचा फोन होता. घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय, आजच कळवायचंय. चालेल ना तुम्हाला? नको असेल तर आत्ताच सांगा हं, अजिबात संकोच करू नका."

मी काकांच्या बाहीला हात लावला. कादंबरी त्यांच्या काखेतच होती.

"अरे..." काका म्हणाले आणि थांबले.

चारुदत्तही थांबला. अगदी मनापासून थांबला, उगाच त्याला दोष देऊ नये.

"तुमच्या सोयीनं," काका म्हणाले.

चारुदत्तनं तिथूनच मामांना फोन लावला. त्याचं बोलणं होईपर्यंत काका त्याच्या कॅमेऱ्याची पिशवी धरून उभे राहिले.